साहेबांचा आठवडा आणि जेटीवरचा दिवा

सोमवारी सकाळी दुकान उघडून देवाला अगरबत्ती लावतोय तोवर आमच्या आमदारसाहेबांचा पीए आला आणि हातातली कापडी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. नुसते कागद. निवेदनं, अर्ज, वहीची फाडलेली पानं, एक तर लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं. म्हणाला, दोन ढीग कर, लाईटचा एक आणि समुद्राचा एक, बाकी रस्ते बदल्या दाखले मी बघतो, अधिवेशनाच्या आधी साहेबांना हे दोन विषय तयार पाहिजेत.

थोडं मागचं सांगतो. माझं दुकान आमदारांच्या संपर्क कार्यालयाच्या बरोब्बर समोर, मधे फक्त गटार आणि एक वडापावची गाडी. वडिलांचा टायपिंगचा क्लास होता, आठ मशीन होत्या, आता त्यातली एक शोकेसमध्ये ठेवलीय आणि बाकी धंदा झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पॅनकार्ड. साहेबांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी लग्न करून डोंबिवलीला गेली आणि नवीन माणूस मिळेपर्यंत दीडेक महिना सगळी पत्रं माझ्याकडे आली. त्यातला हा एक आठवडा, सव्वीस नोव्हेंबर ज्यात येतो तो. साहेबांचं नाव, पक्ष, गाव काहीच लिहीत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच, कोकणात काय लपतं.

साहेब म्हणजे जुन्या वळणाचा माणूस. उजव्या विचारांचे, आणि ते लपवत पण नाहीत. संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय जेवत नाहीत, भाषण सुरू शिवरायांपासून आणि संपणार वंदे मातरम् नं, किनाऱ्यावर कुणी रात्री बारानंतर डीजे लावला तर स्वतः जाऊन बंद करतात. रिफायनरी पाहिजे, अणुऊर्जा पाहिजे, बंदर पाहिजे, आणि समुद्रातून बाहेरचं कुत्रं पण आत शिरता कामा नये, ही त्यांची चार वाक्यं मी आता झोपेत टाईप करीन. त्यातली दोन मला पटतात, दोन पटत नाहीत, कुठली ते सांगून गिऱ्हाईक कमी करून घेणार नाही. पण माणूस पहाटे साडेपाचला फोन स्वतः उचलतो, हे मी विरोधी पक्षवाल्यांच्या तोंडून पण ऐकलंय.

तर ढीग करायला बसलो. लाईटचा ढीग पटापट वाढला. अमक्या वाडीचा डीपी जळाला, तमक्या वाडीत संध्याकाळी व्होल्टेजच नाही, कारण घरोघरी होमस्टे झाले आणि प्रत्येकाला एसी पाहिजे आणि डीपी मात्र आजोबांच्या काळातला. एका बाईनं लिहिलेलं, नारळ तारेला लागतोय, वायरमन म्हणतो झाड तोडा, सासूबाई म्हणतात सोन्यासारख्या झाडाला हात लावायचा नाही, तरी आमदारसाहेबांनी तारच बाजूला घ्यावी. हे मी जसंच्या तसं टाईप केलं, एक अक्षर बदललं नाही, इतकं स्वच्छ निवेदन मी वर्षात बघितलं नव्हतं.

समुद्राच्या ढिगात एलईडी दिवे लावून मासेमारी करणाऱ्यांच्या तक्रारी, परराज्यातल्या ट्रॉलरच्या तक्रारी, डिझेल परतावा अडकलाय, खलाशांची ओळखपत्रं. आणि मग एक कागद आला जो दोन्ही ढिगात जाईना. आमच्या खालच्या बंदरावरच्या सागर रक्षक दलाच्या पोरांचा होता. सागर रक्षक दल म्हणजे गावातलीच पोरं, पोलिसांना मदत म्हणून किनाऱ्यावर नजर ठेवतात, पगार नाही, मिळालंच तर एक टीशर्ट आणि शिट्टी. त्यांनी लिहिलेलं, जेटीवरचा हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे मोठे दिवे, गणपतीपासून बंद आहे, रात्री कोण येतं जातं काही दिसत नाही, तरी कृपया.

आता हा लाईटचा का समुद्राचा? पीएला विचारलं तर तो फोनवर होता, त्यानं हातानंच ठेव बाजूला असं केलं. मी तो पेपरवेटखाली ठेवला. आणि विसरलो. हे आत्ताच सांगून टाकतो कारण पुढे जे झालं त्यात माझा पण वाटा आहे.

मंगळवारी साहेब स्वतः दुकानात आले, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि तारांकित प्रश्न सांगायला लागले. पहिला विषय भूमिगत केबल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला लागलं आणि मंडणगड दापोलीपर्यंत पोल काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडले, हे तुम्हाला माहितीच आहे. आमच्या वाडीत लाईट एकविसाव्या दिवशी आली, आली तेव्हा माझी आई देवघरासमोर उभी राहून रडली, त्याआधीचे वीस दिवस मेणबत्त्या, आणि मोबाईल चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे माणशी वीस रुपये. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. तेव्हापासून साहेबांनी केबल जमिनीखालून घ्या हा धोशा लावलाय, अलिबाग आणि रत्नागिरीकडे अशी कामं निघालीयत मग आमच्याकडे का नाही. त्यात अडचण अशी की आमच्याकडे खाली सगळा जांभा, चर खणायचा म्हणजे दगड कापत जायचं, खर्च वाढतो म्हणून फाईल परत येते. दुसरीकडे तारा वर ठेवल्या तर खारा वारा आहेच. समुद्राकडून येणारं मीठ इन्सुलेटरवर बसतं, कोरडं असतं तोवर ठीक, पण थंडीत दव पडलं की ते मीठ ओलं होतं आणि करंट त्यावरून पळतो, की पहाटे पाचला फिडर ट्रिप. लोकांना वाटतं वायरमन झोपलाय. कधी कधी झोपलेला असतो पण, नाही असं नाही.

दुसरा प्रश्न दाभोळच्या वीज प्रकल्पाचा, अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीनं काढलेल्या. इथे मी जरा थांबलो आणि साहेबांकडे बघितलं, तर ते पण हसले. कारण १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू ही घोषणा आख्ख्या कोकणात दुमदुमत होती आणि साहेब तेव्हा पंचविशीतले, मोटरसायकलवर झेंडा लावून तीच घोषणा देत फिरत होते, माझ्या वडिलांनी त्यांची पत्रकं स्टेन्सिलवर काढून दिलीयत. मग सरकार आलं, ऑगस्ट १९९५ मध्ये करार मोडला, आणि पुढच्या वर्षी नव्यानं बोलणी करून प्रकल्प परत चालू. १९९९ ला पहिला ७४० मेगावॅटचा टप्पा सुरू झाला आणि २००१ ला वीज महाग पडते म्हणून सगळंच बंद, त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिकडे अमेरिकेत कंपनीच दिवाळखोरीत. माझा मामा अंजनवेलला त्या कामावर सुपरवायझर होता, हेल्मेट अजून घरी आहे, त्यात मामी कांदे ठेवते. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर म्हणून नवीन सरकारी कंपनी काढली, क्षमता कागदावर १९६७ मेगावॅट, पण गॅस कुठून आणायचा आणि त्या भावाची वीज कोण घेणार ह्यातच गाडी रुतली. २०१५ च्या शेवटी रेल्वेनं ५०० मेगावॅटच्या आसपास घ्यायला सुरुवात केली म्हणून जरा धुगधुगी आली. शेजारचं गॅसचं टर्मिनल वर्षाला ५० लाख टनांचं, पण लाटा अडवणारा बंधारा अर्धवट होता म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाजच लागत नव्हतं. म्हणजे इंधन समुद्रातून येणार आणि समुद्रच खवळलेला, हे बांधणाऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं काय? आमच्याकडचा कुठलाही तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, सांगू शकला असता, फुकट.

आणि आता तेच साहेब प्रश्न विचारतायत की हा प्रकल्प पूर्ण क्षमतेनं चालवण्याकरिता शासनानं कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे. मी म्हटलं, साहेब, बुडवायचा होता ना? म्हणाले, अरे तेव्हा तो परक्याचा होता, आता आपला आहे. उत्तर तयारच. राजकारणात टिकायला हेच लागतं बहुतेक.

जैतापूर पण त्या यादीत होतं. ते दर अधिवेशनाला असतं. माडबनच्या सड्यावर सहा अणुभट्ट्या, मूळ आराखड्यात प्रत्येकी १६५० मेगावॅट, मिळून ९९००, फ्रान्सच्या कंपनीशी २०१० च्या डिसेंबरात करार झाला, पुढच्या एप्रिलमध्ये साखरी नाट्याला गोळीबार होऊन एक मच्छीमार गेला, आणि भट्टीचं काम अजून सुरू नाही. साहेबांचं मत स्पष्ट, देशाला वीज पाहिजे तर कुठेतरी भट्टी लागणार. माझं मत मी तिथे बोललो नाही. टाईप करणाऱ्याला मत नसतं, फक्त ऱ्हस्वदीर्घ असतं. पण अणुऊर्जा हा विषयच पूर्ण केंद्राचा, राज्याच्या आमदारानं विधानसभेत त्यावर कितीही घसा कोरडा केला तरी काय? हे विचारल्यावर पीएनं मला एका वाक्यात सगळं शिकवलं. अणुऊर्जा दिल्लीची, वीज दिल्ली-मुंबई दोघांची, दर ठरवणार आयोग, तारा कंपनीच्या आणि शिव्या आमदाराला.

समुद्राचं पण तसंच. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, मासेमारीचा कायदा राज्याचा, त्यापुढे केंद्राचा. गस्त म्हणाल तर जवळच्या पाण्यात सागरी पोलीस, पुढे कोस्टगार्ड, त्याहून पुढे नेव्ही. मासळीखात्याची गस्तीनौका त्याहून वेगळी. एवढी सगळी माणसं समुद्रावर, आणि तरी एलईडीवाला दहा वाव खोलीच्या आतबाहेर बिनधास्त उभा असतो.

एलईडीचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मोठ्या बोटीवर जनरेटर चढवतात, पाण्यावर आणि पाण्याखाली असे दिवे सोडतात की रात्री किनाऱ्यावरून बघितलं तर समुद्रात शहर वसल्यासारखं वाटतं. मासळी उजेडाला धावते, बांगडा, म्हाकूल, त्याच्या मागे मोठी मासळी, मग खालून जाळं आवळायचं, की लहान मोठं सगळं एका रात्रीत गोळा. केंद्रानं २०१७ च्या नोव्हेंबरातच बंदी घातलीय. राज्यानं २०२१ ला कायदा दुरुस्त करून दंड वाढवले, २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोन पण सुरू केले. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले नि छोट्या होडीवाले साहेबांचे कट्टर मतदार, ते म्हणतात ड्रोन येतो तेव्हा दिवे बंद, ड्रोन गेला की दिवे चालू, ह्यात काय कठीण आहे.

बुधवारी सव्वीस अकरा. दरवर्षी बंदरावर कार्यक्रम असतो, मेणबत्त्या, शाळेची मुलं, पोलीस बँडच्या ऐवजी स्पीकरवर देशभक्तीची गाणी. भाषणाचा मसुदा पीएनं गेल्या वर्षीचाच पाठवला, म्हणाला तारीख बदल आणि प्रिंट काढ, टाईप मोठा ठेव, साहेब चष्मा घालत नाहीत.

भाषण नेहमी शेखाडीपासून सुरू होतं. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला स्फोटकं नि हत्यारं उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. किनाऱ्यावर माल उतरला, कस्टमच्या नाक्यावरून गेला, घाट चढला, आणि वाटेत कोणी अडवला नाही, अडवला तिथे पैसे घेऊन सोडला. मग २००८, पोरबंदरची कुबेर नावाची मासेमारी बोट पळवून दहा जण आले, तांडेलाला मारलं, आणि कुलाब्याच्या कोळीवाड्यात रबरी होडीतून उतरले. इथे साहेब दरवर्षी थांबतात आणि म्हणतात की पोलिसांच्या आधी त्यांना बघितलं कोणी, तर कोळ्यांनी बघितलं, विचारलं पण की कोण रे तुम्ही. ह्या वाक्यावर टाळ्या हमखास. मला पण हे वाक्य आवडतं, खोटं कशाला बोलू.

मग येतं हरिहरेश्वर. २०२२ च्या ऑगस्टात, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, तिथल्या किनाऱ्यावर एक बेवारस बोट लागली आणि आत तीन एके-४७. आख्ख्या कोकणात नाकाबंदी, आमच्याकडे पण एसटीतल्या पिशव्या उघडून बघितल्या, माझ्या बहिणीच्या पिशवीत ओले काजूगर होते ते पण पोलिसांनी चाचपून बघितले. शेवटी बोट एका ऑस्ट्रेलियन बाईची निघाली, ओमानकडे इंजिन बंद पडलं, माणसांना वाचवलं आणि बोट वाहत वाहत इकडे. २०२५ च्या पावसाळ्यात कोर्लईला रडारवर संशयास्पद बोट दिसली म्हणून रात्रभर शोध, तर शेवटी जाळ्याचा भरकटलेला बोया निघाल्याचं सांगितलं. लोक हसतात. मला नाही हसू येत, कारण एकदा न हसण्यासारखं होऊन गेलंय, तेव्हा दहा वेळा बोया निघाला तरी चालेल.

सागर कवचची गंमत मात्र सांगायलाच हवी. वर्षातून दोनदा ही ड्रिल असते, काही पोलीस नकली अतिरेकी होऊन समुद्रातून किनाऱ्यावर घुसायचा प्रयत्न करतात आणि बाकीच्यांनी त्यांना पकडायचं. मागे एकदा आमच्या बंदरावर चौघे असे लुंग्याबिंग्या नेसून उतरले, पोलिसांना पत्ता नाही, आणि म्हावरं विकायला बसलेल्या आजीनं लांबूनच ओरडून सांगितलं, अरे ते पोलीस हायत, लुंगीखाली बूट बघा त्यांचे नवेकोरे, नि बोट माझ्या भाच्याची हाय, त्याला भाडं दिलात काय? ड्रिल तिथेच संपली.

तर बुधवारची संध्याकाळ. साहेब बोलायला उभे, समोर दोनेकशे माणसं, अंधार पडत आलेला, मंडपातल्या ट्यूबलाईटी जनरेटरवर. भाषणाच्या शेवटी ते वाक्य आलं जे मी गेल्या वर्षीच्या मसुद्यातून तसंच प्रिंट केलं होतं. आमदार निधीतून आपण ह्या जेटीवर हायमास्ट उभारला, त्यावर कॅमेरे बसवले, आता शत्रूवर आपला तिसरा डोळा चोवीस तास उघडा आहे.

मागच्या रांगेतून एक म्हातारा चाचा, दालदी म्हणजे मुसलमान मच्छीमारांच्या वाड्यातला तांडेल, सगळं आयुष्य समुद्रावर गेलेला, शांतपणे म्हणाला, "साहेब, वायंच वर बघा. तिसरा डोळा गणपतीपासून मिटलेला हाय."

सगळ्यांनी वर बघितलं. साहेबांनी पण. खांब काळा, आभाळ त्याहून जरा कमी काळं. कोणीतरी खुसकन हसलं आणि मग हसू आख्ख्या मंडपात पसरलं, शाळेची मुलं तर विचारूच नका. साहेबांनी वंदे मातरम् म्हटलं आणि खाली बसले. मी मागे मोबाईलवर शूटिंग करत होतो ते बंद केलं. माझ्या डोळ्यासमोर पेपरवेट.

गुरुवारी सकाळी मी स्वतःच जाऊन सांगितलं, तो कागद सोमवारी आला होता, कुठल्या ढिगात घालायचा कळलं नाही म्हणून राहिला. पीएचा चेहरा बघण्यासारखा. साहेब चिडतील असं वाटलं होतं, ते चिडले नाहीत, म्हणाले, बंद कशामुळे आहे? दिवे गेले का केबल गेली? मला कुठे माहीत. म्हणाले, शोध.

पण शोधायला वेळ मिळाला नाही कारण गुरुवारचा दिवस खलाशांनी खाल्ला. झालं असं की सोमवारच्याच ढिगातून साहेबांनी एक कडक पत्र दिलं होतं, किनाऱ्यावर काम करणाऱ्या सर्व परप्रांतीय व परदेशी खलाशांची पडताळणी करावी, कागदपत्रं नसणाऱ्यांना समुद्रात जाऊ देऊ नये. मी टाईप केलं, जावक क्रमांक टाकला, गेलं. बातमी पेपरात आली. आणि गुरुवारी दहा वाजता बोटमालकांची फौज ऑफिसात, सगळे साहेबांचेच कार्यकर्ते. कारण आमच्या बोटींवर निम्मे खलाशी नेपाळी. आमची पोरं मुंबईला मॉलमध्ये सिक्युरिटी करतात आणि आमच्या बोटीवर नेपाळहून पोरं येतात, डोंगरातली, येतात तेव्हा समुद्र बघितलेला नसतो आणि दोन सीझनमध्ये जाळं असं विणतात की आमच्याच म्हाताऱ्यांनी तोंडात बोट घालावं. १९५० च्या करारामुळे त्यांना इकडे यायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे ते काही बेकायदेशीर नाहीत, पण आधार नाही, बायोमेट्रिक कार्ड नाही, तिकडचा नागरिकत्वाचा दाखला असतो तो नेपाळीत, आणि दसरा-तिहारला गावी गेलेले आत्ता कुठे परत येतायत. बोट उभी राहिली तर दिवसाचं बर्फ, डिझेल, सगळं अंगावर.

मग दुपारी साहेबांनी दुसरं पत्र सांगितलं. पडताळणीची प्रक्रिया सुलभ व्हावी, बंदरावरच कॅम्प लावावा, बोटमालकाच्या हमीवर तात्पुरतं ओळखपत्र द्यावं, मच्छीमारांची गैरसोय टाळावी. तेच लेटरहेड, तोच अधिकारी, जावक क्रमांक फक्त चाराने पुढचा. मला पहिल्यांदा हसू आलं, पण मग विचार केला, ह्यात खोटं काय आहे? पहिलं पत्र भाषणातल्या साहेबांचं आणि दुसरं पहाटे फोन उचलणाऱ्या साहेबांचं, दोन्ही साहेब खरेच. आणि तसं बघितलं तर दुसऱ्या पत्रानं सुरक्षा जास्त होईल, कारण कॅम्प लागला तर निदान कोण कुठल्या बोटीवर आहे ते कुठेतरी लिहिलं जाईल. नुसती धरपकड सुरू झाली असती तर सगळे रात्रीचेच चढले असते, कागदावर कोणीच नाही.

शुक्रवारी मी दिव्याच्या मागे लागलो. पीएनं एक पोरगा आणि स्कूटर दिली. पहिल्या ऑफिसात कळलं की दिवे उत्तम आहेत, केबल उत्तम आहे, कनेक्शन कापलंय. थकबाकी, एकतीस हजार सातशे. कोणाच्या नावावर मीटर? तर कोणाच्याच धड नाही. झालं होतं असं, हायमास्ट आमदार निधीतून. आमदार निधीतून खांब उभा करता येतो, त्याचं उद्घाटन करता येतं, संगमरवरी पाटीवर नाव घालता येतं, पण महिन्याचं बिल भरता येत नाही, देखभाल ज्याची त्यानं करायची. आता ज्याची म्हणजे कोणाची? एक ऑफिस म्हणालं जेटी आमची नाही, आम्ही फक्त ती वापरणाऱ्यांना परवाने देतो. दुसरं म्हणालं जेटी आमची आहे पण खांब आमचा नाही. तिसरं म्हणालं आमच्या हद्दीतले रस्त्यावरचे दिवे आम्ही भरतो, तेच भरता भरता जीव जातो, आणि जेटी हा रस्ता नाही. पोलीस म्हणाले, आमचा फक्त कॅमेरा. तो पण त्याच मीटरवर, म्हणजे तो पण बंद, आणि तो बंद आहे असं त्यांनी तीन पत्रांत कळवलंय. कोणाला? ती तीनही पत्रं मला चौथ्या ऑफिसात सापडली, आवक शिक्का मारून, दोरी बांधून, सुरेख.

संध्याकाळी बंदरावर गेलो. अंधारात उभा राहिलो. समोर लांब पाण्यावर एलईडीवाल्यांचे दिवे, एक दोन तीन, मोजले तर सात. भरभक्कम जनरेटर लावून मासळीसाठी लाखो रुपयांचा उजेड समुद्रात, आणि जेटीवर मी मोबाईलच्या टॉर्चवर ठेचकाळत.

हे मी साहेबांना रात्री फोनवर सांगितलं, सगळं, पाटीचं पण सांगितलं. मला वाटलं आता चार कडक पत्रं निघणार, मी कॉम्प्युटर चालूच ठेवला होता. ते म्हणाले, पत्र नको, उद्या सकाळी सगळ्यांना अंगणात बोलव.

शनिवारी साडेआठला साहेबांच्या अंगणात, सुपारीच्या मांडवाखाली, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, सरपंच ताई, सागरी पोलिसांचे एक साहेब, आणि तो चाचा. चाचाला मुद्दाम बोलावलं होतं आणि साहेबांच्या शेजारी बसवलं. वहिनींनी पोहे आणले. सरपंच ताई विरोधी पक्षाच्या, त्या म्हणाल्या की मी एक तृतीयांश भरते पण मग पाटीवर ग्रामपंचायतीचं नाव पण पाहिजे. चेअरमन म्हणाले सोसायटी दर बोटीमागे महिन्याला पन्नास कापेल. पोलीस साहेब म्हणाले आमच्याकडे बिलाला हेड नाही, पण मीटर सोसायटीच्या नावावर करायला जे पत्र लागेल ते आज देतो. जुनी थकबाकी साहेबांनी खिशातून भरली, म्हणजे त्यांच्या भावाच्या चिरेखाणीतून, पण ते जाऊ दे. दहा मिनिटं लागली असतील. तीन महिन्यांच्या आवकजावकीनं जे झालं नाही ते पोह्यांवर झालं. चाचा एकदाच बोलला, बटण कोणाकडे राहणार ते ठरवा. ते सोसायटीच्या वॉचमनकडे ठरलं.

सोमवारी दिवा लागला. पहिल्या रात्री लोक नुसते बघायला आले, जत्रेसारखे.

नागपूरचं सांगायचं राहिलं. साहेबांची किनारा सुरक्षेवरची लक्षवेधी लागली, पण त्या दिवशी आधीच्याच विषयांवर गोंधळ होऊन कामकाज तहकूब झालं आणि आमची वेळ आलीच नाही. केबलच्या प्रश्नाला लेखी उत्तर आलं, बाब शासनाच्या विचाराधीन आहे. ते मी कार्यालयाच्या फाईलसाठी झेरॉक्स काढून दिलं, दोन रुपये घेतले नाहीत.

आणि आता जानेवारीत एक तरुण पोरगा दुकानात आला, कासवमित्र आहे. जेटीच्या उत्तरेला जो वाळूचा पट्टा आहे तिथे ह्या वर्षी ऑलिव्ह रिडलेची तीन घरटी सापडलीयत, अंडी जाळीत सुरक्षित ठेवलीयत, पण पिल्लं बाहेर आली की उजेडाच्या दिशेनं जातात. पूर्वी रात्रीचा सगळ्यात उजळ भाग म्हणजे समुद्र, म्हणून ती बरोब्बर पाण्यात जायची. आता सगळ्यात उजळ भाग म्हणजे साहेबांचा हायमास्ट. आणि अंडी घालायला येणारी मादी पण उजेड बघून पाण्यातूनच परत फिरते. तरी जेटीवरचा दिवा फेब्रुवारी ते मे रात्री बंद ठेवावा ही विनंती.

मी तो कागद ह्या वेळी पेपरवेटखाली ठेवला नाही. तसाच हातात घेऊन गटार ओलांडून साहेबांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचला. डोक्याला हात लावला. मग म्हणाले, कूर्म म्हणजे विष्णूचा अवतार, त्याला मी नाही कसं म्हणणार? पोलीस साहेबांना फोन लावला तर ते म्हणाले, सर, आत्ताच कुठे कॅमेऱ्यात दिसायला लागलंय, बंद नको. चाचानं सुचवलं की दिव्यांना किनाऱ्याच्या बाजूनं पत्र्याचं झाकण मारा, उजेड फक्त जेटीवर पडेल, बोटीच्या दिव्याला नाही का आम्ही मारत.

झाकणाचं कोटेशन आलंय, चार हजार दोनशे. ते कोणी भरायचे त्यासाठी येत्या शनिवारी परत पोहे आहेत.